सुपडू आबांची शिवून घेतलेली बंदूक

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घरी आम्ही अहिराणी बोलतो, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. आणि ही जी मराठी तुम्ही वाचताय ती मला महापालिकेच्या मराठी शाळेनं दिली, तीही आठवीपर्यंतच. तेव्हा एखादं वाक्य लंगडलं तर सांभाळून घ्या. ज्यांच्याविषयी लिहितोय ते सुपडू आबा हे वाचतील असं वाटत नाही. हा कागद त्यांच्या हातात गेलाच, तर ते आधी तो दोन बोटांत धरून चोळून बघतील.

कारण आबा सगळंच चोळून बघतात. समोर माणूस आला की त्यांचा हात आपोआप त्याच्या शर्टाच्या टोकाकडे जातो. अंगठा आणि पहिलं बोट, मधे कापड. दोनदा घासतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "हाई वितळी जाई." म्हणजे हे कापड जळणार नाही, वितळणार. आबांच्या तोंडी याहून मोठी शिवी मी ऐकलेली नाही.

मी कॉलेजात पहिल्या दिवशी निघालो तेव्हा पप्पांनी नवा शर्ट आणला होता. आकाशी, चमकणारा. आबा त्यांच्या ओट्यावर बसले होते. मी पाया पडायला वाकलो तर आशीर्वादाच्या आधी त्यांनी शर्टाचं टोक धरलं. "हाई वितळी जाई," ते म्हणाले, आणि मग डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी वर्गात मी पंख्याखालची जागा धरून बसलो होतो. सर काय शिकवत होते ते लक्षात नाही. तेव्हापासून आबा मला नावानं हाक मारत नाहीत. "ए कॉलेज" म्हणतात.

बायकांच्या कपड्यांना आबा हात लावत नाहीत. तिथं ते जिजीला पुढे करतात. जिजी म्हणजे त्यांची बायको. गल्लीत कुणाची नवी सून आली की जिजी ओटी भरते, आणि आबा दारातून विचारतात, "पदर कसा आहे?" जिजी न बघताच सांगते, "वितळणारा." एकदा भाडेकरूंची चौकशी करायला पोलीस साहेब आले होते. सगळी गल्ली आत जाऊन बसली. आबा पुढे गेले, साहेबांची बाही दोन बोटांत घेतली आणि कळवळून म्हणाले, "सरकार तुम्हालाही असलंच देतं का, साहेब?" आणि माझ्या आतेभावाच्या लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या शेरवानीतून एक दोरा ओढला, काडी पेटवून मांडवातच जाळला आणि त्याचा काळा मणी सगळ्या वऱ्हाडाला तळहातावर फिरवून दाखवला. सुती दोरा जळला तर राख होते, असला दोरा जळला तर मणी होतो. आतेभाऊ अजून त्यांच्याशी बोलत नाही.

सुरतेत राहून हा असा छंद. आमच्या नवागामात ज्या घरात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जाणारं कुणी नाही असं घर सापडणं कठीण. रोज निघणारं कापड तापीवर अंथरलं तर पाणी दिसणार नाही. आणि आबा म्हणतात, त्यातलं वीतभर कामाचं नाही. एका दिवाळीत ते पर्वत पाटियाच्या बाजूला बाजारात सुती कापड शोधत माळ्यामागून माळे चढले होते. शेवटच्या दुकानातल्या शेठनं त्यांना पाणी पाजलं आणि म्हणाला, "काका, असली कॉटन जोइए तो अमदावाद जाओ." हे सांगताना आबांचा चेहरा असा होतो की जणू शेठनं त्यांना काशीला जायला सांगितलं.

हे कापड हवं कशाला, तर बंदुकीला.

आता बंदुकीविषयी सांगतो. मी ती एकदाच पाहिली आहे, बाकी सगळं आबांकडून ऐकलेलं. ही काडतुसाची बंदूक नव्हे. ठासणीची, तीही चकमकीची. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी, मग लांब गजानं ते सगळं खाली ठासायचं. मागे नळीला बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. कानाशी चिमूटभर बारीक दारू ठेवायची, ती रंजक. घोड्याच्या दाढेत गारगोटी असते. चाप ओढला की घोडा पोलादावर आपटतो, ठिणगी पडते, रंजक पेटते, कानातून आग आत जाते आणि बार निघतो. एवढं सगळं जमून आलं तर.

आबांचे वडील नंदुरबारच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी शेत राखायचे. रानडुकरांसाठी त्यांना परवाना होता. ही बंदूक त्यांनी पाड्यावरच्या एका कारागिराकडून बनवून घेतली. त्या कारागिरानं आधी त्यांना उभं केलं, कोपरापासून बोटापर्यंत दोरी लावली, खांद्यापासून गालाच्या हाडापर्यंत लावली, मान किती वाकते ते बघितलं, आणि मग शिसमाचा दस्ता कोरला. म्हणून आबा म्हणतात, "आपली बंदूक शिवून घेतलेली आहे. रेडिमेड नाही." वडिलांचा आणि आबांचा हात एकाच मापाचा, त्यामुळे ती त्यांनाही बसते. हे सांगताना ते उठून उभे राहतात आणि नसलेली बंदूक गालाला लावतात. तेवढ्यात नळावर जाणाऱ्या बायका भिंतीला चिकटून उभ्या राहतात.

प्रत्येक बंदुकीची आवड वेगळी असते, हा आबांचा आवडता विषय. एकीला दारू थोडी जास्त लागते, एकीला कमी. एकीला गोळी सैल चालते, एक रुसते. त्यांच्या बंदुकीची आवड म्हणजे शिंगाच्या मापानं काठोकाठ दारू, माप हलवून दाबून बसवायची नाही. गोळी नळीपेक्षा जराशी बारीक. आणि भोवती जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड, मेण आणि एरंडेलात मुरवलेलं. कापड जाड असलं तर गोळी उतरत नाही, पातळ असलं तर सगळा जोर बाजूनं निघून जातो. आणि वितळणारं असलं तर नळीत चिकटून बसतं, मग बंदूक पाइप म्हणून विकायची.

उधन्याला लूमखात्यात मिस्तरी म्हणून आयुष्य गेलं, पण माणसं ते बंदुकीच्या भाषेतच मोजतात. आमच्या भागात भाषण करणारा एक पुढारी आहे. आबा म्हणाले, "याच्यात सगळी रंजकच. आत दारू नाही." आमचे घरमालक म्हणजे कापड जाड, गोळीच उतरत नाही. मी एकदा कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत उभा राहून चार वाक्यांनंतर खाली बसलो होतो. ते कळल्यावर आबांनी मला ओट्यावर बसवून घेतलं. मग म्हणाले, "कॉलेज, तुझ्यात दारू भरपूर आहे. तुझा कान बुजलाय." हे लिहायला मी बसलो त्याला थोडं कारण तेही आहे.

बंदूक मात्र त्यांच्याजवळ नव्हती. ती गावाकडे, तालुक्याच्या ठाण्यात पडून होती. आबांचं लग्न झालं त्याच साली निवडणूक आली आणि सगळ्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या. त्याच पावसाळ्यात आबांचे वडील गेले. परवाना त्यांच्या नावावर होता. तेव्हापासून आबा वारस म्हणून ती मागत होते, आणि ठाण्यातला प्रत्येक नवा साहेब तेच विचारत होता, "सुरतेत राहून कसलं पीक राखणार?"

दुसरी अडचण त्याहून अवघड. बंदुकीत गोळी होती.

ही गोष्ट जिजी सांगते. साड्यांना टिकल्या चिकटवता चिकटवता, आबा समोर बसलेले असताना, त्यांच्याकडे न बघता सांगते. आबांच्या घरी रिवाज असा की नवी सून शिवेवर आली की एक बार काढायचा, म्हणजे घरी कळतं आणि आरतीचं ताट तयार होतं. त्या दिवशी वडिलांनी बंदूक आबांच्या हातात दिली. आता तू घरचा माणूस झालास, बार तू काढ. आबांनी शेकडो वेळा ती भरलेली. शिवेवर बैलगाडी थांबली, आबा उतरले, ऐटीत बंदूक भरली, गालाला लावली, चाप ओढला. फुस्स. रंजक जळाली, थोडा धूर निघाला, बस. आबा दारू घालायचीच विसरले होते. कापड, गोळी, गज, सगळं झालं, दारूच नाही. घरी कुणाला काही ऐकू गेलं नाही. नवी सून दारात येऊन उभी राहिली तेव्हा सासूचे हात पुरणात होते.

"माझ्याकडे बघत होते ना," जिजी म्हणते. "लोक म्हणाले अपशकुन झाला. मला हसूच आवरेना."

दारू नसताना ठासलेली गोळी सहज निघत नाही. ती पेचानं ओढून काढावी लागते. वडील काढणार होते, पण ते राहून गेलं, आणि बंदूक तशीच जमा झाली. पुढे केव्हातरी तपासणीत ते उघड झालं. तेव्हापासून प्रत्येक साहेब सांगत होता, गोळी काढायला संमती द्या, मग पुढचं बघू. आबा म्हणायचे, "गोळी राहू द्या. बंदूक द्या."

साहेब लोक डोक्याला हात लावायचे. जिजी म्हणायची, लाज वाटते यांना. गोळी निघाली म्हणजे आत दारू नव्हती हे कागदावर येणार. आम्हालाही तसंच वाटायचं.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबा गावी जायचे. सणाला म्हणून जायचे, पण भाच्याच्या घरी पुरणपोळी खाल्ली की ठाण्यात. तिथले हवालदार ओळखीचे झाले होते. ते बंदूक बाहेर काढून टेबलावर ठेवायचे आणि आबा एरंडेलाचं फडकं घेऊन ती पुसायचे. दस्ता, घोडा, नळी. मग नळीच्या तोंडात आणि कानात दोन-दोन थेंब सोडायचे आणि बूच मारायचे. हवालदार एकदा जिजीला म्हणाले होते, "आजी, आमच्या ठाण्यात एवढीच एक वस्तू चकचकीत आहे."

गेल्या आखाजीला आबांचे गुडघे दुखत होते, म्हणून जिजीनं मला बरोबर पाठवलं. ठाण्यात नवे साहेब आले होते, तरुण, बोलायला नीट. त्यांनी आबांना खुर्ची दिली आणि सांगितलं की बेवारस आणि वारसनोंद नसलेल्या जुन्या बंदुका तोडण्याचा आदेश आला आहे. तुमची राखायची असेल तर गोळी काढायला आजच संमती द्या, जमिनीचे कागद आणा, मी वरती लिहितो. काम होईल असं मला वाटतं, असंही ते म्हणाले. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. मी आनंदानं आबांकडे बघितलं.

आबा बंदूक पुसत होते. पुसून झाली, फडक्याची घडी केली, खिशात ठेवली.

"तोडा, साहेब," ते म्हणाले. "पण आधी गोळी काढा. तिच्याभोवती कापड आहे. तेवढं मला द्या."

साहेबांना वाटलं त्यांना नीट कळलेलं नाही. त्यांनी परत समजावलं. आबांनी परत तेच सांगितलं. शेवटी साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही शिकलेले दिसता, तुम्ही सांगा यांना."  मला स्वतःलाच काही कळत नव्हतं. जिल्ह्याहून शस्त्रांचा जाणकार मिस्तरी येईल, तो गोळी काढेल, तेव्हा कळवू, असं ठरलं. आबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून नंबर माझा दिला.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून आबांनी सांगितलं. त्यांच्या बोलण्यात हुंदका वगैरे काही नव्हता. लूम का बंद पडला ते सांगावं तसं सांगत होते.

त्या दिवशी शिवेवर कापडांचा बटवा घरीच राहिला होता. गोळीला गुंडाळायला काही नव्हतं. आबा खिसे चाचपत होते. तेव्हा गाडीतून जिजीनं, जी अजून त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती, कमरेचं हळदीचं फडकं सोडलं, दातांनी त्याचा कोपरा फाडला आणि हात पुढे केला. हळदीत रंगवलेलं सुती फडकं, कडेला तिच्या आईनं हिरव्या दोऱ्यानं घातलेली शिवण. ते हातात आलं आणि आबा दारू विसरले.

"मग बाकीचं फडकं?" मी विचारलं.

ते जिजीच्या पेटीत होतं. आई लवकर गेल्यामुळे त्या पेटीत जिजीनं माहेरचं सगळं जपून ठेवलं होतं. तेव्हा आबांचं बिऱ्हाड तापीच्या अंगाला होतं, आणि पुरात पेटी गेली. पाणी ओसरल्यावर जिजीनं भांडी शोधली, पत्रे शोधले, पेटीसाठी रडली नाही. फक्त एकदा चूल पेटवताना म्हणाली की आईच्या हातचं आता काहीच राहिलं नाही.

"तिला सांगायचं होतं, एक आहे म्हणून," आबा म्हणाले. "पण कॉलेज, ते कुजलं असलं तर? आत आहे तोवर आहे."

मी म्हटलं, मग आता का काढायला सांगितलं? ते म्हणाले, बंदुकीबरोबर तेही तोडतील ना. जमिनीचे कागद काढेपर्यंत हे साहेब बदलले, तर? बंदूक गेली तर जाऊ दे, कापड हाती यायला हवं. थोडा वेळ ते आपल्या अंगठ्याकडे आणि बोटाकडे बघत राहिले. "तसं कापड परत हाताला लागलं नाही," एवढं बोलले, आणि उधना येईपर्यंत झोपले, किंवा झोपल्यासारखे बसले. जिजीला यातलं काही सांगायचं नाही, असं आधीच बजावून ठेवलं होतं.

त्यानंतरचे दिवस गल्लीला विचित्र गेले. आबांनी कापड चोळणं सोडलं. माझा मित्र मुद्दाम नवा टी-शर्ट घालून त्यांच्यासमोरून दोनदा गेला, तरी हात पुढे आला नाही. मी कॉलेजातून आलो की ते माझ्या तोंडाकडे बघायचे, मी नाही म्हणून मान हलवायचो, ते पुन्हा गटाराकडे बघायचे. जिजीला वाटत होतं बंदूक येणार म्हणून जीव वरखाली होतोय. ती मला म्हणाली, "येऊ दे एकदा. खाटेखाली ठेवीन, आणि हे वर झोपतील. मग तरी लोकांचे सदरे सुटतील."

फोन आला तेव्हा मी सिटी बसमध्ये होतो. हवालदार होते. गाडीच्या आवाजात मी त्यांना तीनदा परत सांगायला लावलं. मग मधेच उतरून रिक्षा केली.

ओट्यावर दोघंही होते. आबा भिंतीला टेकून, आणि शेजारी जिजी मांडीवर लाल साडी पसरून टिकल्या लावत होती. आबांना बाजूला घ्यावं असं मी रस्ताभर ठरवलं होतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बोल, कॉलेज."

मी जिजीकडे बघितलं.

"तिच्यासमोरच बोल," ते म्हणाले.

मी आधी वाईट सांगितलं. बंदूक तोडली. काल गॅसकटरनं तीन तुकडे केले. जिजीचा हात थांबला. तिनं आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चिडून म्हणाली की मग इतकी वर्षं दर आखाजीला हे तिथं कशाला मरायला जात होते.  मग मी दुसरं सांगितलं. गोळी आधी काढली. त्या मिस्तरीनं सावकाश काढली. तेलामुळे आत गंज कमी होता. आबांनी मागितलेलं कापड हवालदारांनी पाकिटात घालून ठेवलंय. कडा काळ्या पडल्यात, पण मधे अजून पिवळं आहे.

टिकलीचा डिंक जिजीच्या बोटावर तसाच वाळत होता. ती आबांकडे बघत होती आणि आबा गटाराकडे. 

"कडेले शिवण शे का?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, आहे. हिरव्या दोऱ्याची. हवालदार म्हणाले, कुठंही उसवलेली नाही.